एक फेरा बाबांच्या नावाचा

रविवार, तारीख सात, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ नीट लक्षात ठेव, कारण नेमक्या याच वेळी तुझ्या सख्ख्या बहिणीची अब्रू एका ट्रकच्या पोटाखालून बाहेर आली आणि भर अंगणात चार माणसांसमोर उताणी पडली. (पत्र मी आज एकोणीस तारखेला लिहिते आहे. मधले दिवस राग निवळायची वाट पाहण्यात गेले. तो निवळला नाही, मुरला.)

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. रीतीप्रमाणे ते अनेक असायला हवेत, पण सध्या माझ्याकडे शिल्लक कमी आहे, म्हणून एकच पाठवते, पुरवून वापर. भावजयीला मात्र भरपूर, कारण ती तुझ्याबरोबर राहते. तुझी प्रकृती कशी आहे? कंबर दुखते का? दुखत असेल तर काळजी घे, आणि दुखत नसेल तर हा शुद्ध अन्याय आहे, कारण माझी दुखते आणि त्याचं कारण तू आहेस. इकडे आम्ही सगळे ठीक. सगळे म्हणजे मी, मागच्या अंगणातली रोपं आणि बाबांचा ट्रक. त्यातला ट्रक ठीक नव्हता आणि मीही नव्हते; रोपं ठीक आहेत.

तुला आठवत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगते. (आठवत असेल तरी सांगणार आहे. आयुष्यभर ग्रंथालयात बसून मी लोकांना नुसत्या नजरेनं गप्प केलं; आता बोलायची पाळी माझी आहे.) "ताई, दोन महिन्यांसाठी ठेवतो" असं म्हणून तू तो ट्रक माझ्या अंगणात लावलास आणि नोकरीच्या गावी गेलास. त्या दोन महिन्यांत माझा मुलगा शाळा संपवून, नोकरीला लागून, लग्न करून, मला उपदेश करायच्या वयाला पोहोचला. मी बरीच वर्षं ट्रकच्या कठड्यावर चादरी वाळत घातल्या. मग निवृत्त झाले, तुझे भाऊजी गेले, आणि एके दिवशी चादरी काढता काढता मनात आलं, की ही वस्तू बहुधा चालते. गाडी शिकवणाऱ्या माणसानं माझ्याकडे पाहून आधी विचारलं, नाव नातवाचं लिहू का. त्याला मी जे उत्तर दिलं ते सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या बाईला शोभणारं नव्हतं, पण त्यानं नाव माझंच लिहिलं. तेव्हापासून दर शनिवारी रोपांच्या कुंड्या ट्रकमध्ये भरायच्या, बाजारात न्यायच्या आणि रिकामा ट्रक घेऊन प्रार्थना म्हणत परत यायचं. शाळेत गाण्याच्या सिस्टर मला नुसते ओठ हलवायला सांगत. इंजिनाच्या आवाजात मात्र माझा सूर लागतो.

तर या ट्रकला गेल्या वर्षापासून खोड लागली. प्रत्येक खड्ड्यात खालून ठक्क असा आवाज यायचा, आणि शाळेला जायचं नसलेल्या पोरासारखा तो सारखा डावीकडे ओढ घ्यायचा. एका शनिवारी मुलगा माझ्या शेजारी बसून आला. सबंध रस्ताभर त्यानं समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि उतरल्यावर काही वेळ त्याला तो सोडता येईना. मग म्हणाला, "आई, पुढच्या महिनाअखेरपर्यंत हा ट्रक सरळ चालला तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नाही चालला तर तीस तारखेला भंगारवाला येईल आणि तू आमच्याकडे राहायला येशील." मी हो म्हटलं. तू बसवलेल्या बोल्टची आणि माझी ओळख तोवर झाली नव्हती.

त्यांच्याकडे राहायला येणं म्हणजे काय, तेही ऐक. चौथ्या मजल्यावर एक खोली आहे. खिडकी आहे, खिडकीसमोर भिंत आहे. खोलीत व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर बसून कितीही पाय मारले तरी माणूस तिथेच असतो. सूनबाई मनानं चांगली आहे, ती म्हणते, "आई, तुम्हाला इथे काहीसुद्धा करावं लागणार नाही." तिला कळत नाही की माणसाला घाबरवायला याहून मोठं वाक्य नाही. ट्रक गेला की बाजार गेला, बाजार गेला की रोपं गेली, रोपं गेली की अंगण कशाला हवं, आणि अंगण गेलं की उरतो मी आणि ती सायकल. एका बोल्टवर माझं हे सगळं टांगलेलं होतं. आता पुढचं वाच, आणि वाचताना उभा राहा.

आवाज येत होता तो बुश झिजल्यामुळे. बुश म्हणजे काय हे तुला माहीत आहे, पण मला ते नव्यानं कळलं आहे तेव्हा सांगू दे. ट्रकचं सगळं ओझं खालच्या पोलादी पाट्यांवर असतं. पाट्याच्या टोकाला गोल भोक, भोकात रबराचा जाड बुश, बुशाच्या पोटात लोखंडी नळी, आणि नळीतून आरपार बोल्ट. हा बोल्ट ट्रकच्या सांगाड्याला लावलेल्या ब्रॅकेटच्या दोन भिंतींमध्ये आवळलेला. थोडक्यात काय, लोखंड आणि लोखंड यांच्यात रबर बसतं आणि दोघांचे तडाखे स्वतःच्या अंगावर घेतं. शेजारचे होमिओपॅथ म्हणाले, "म्हणजे ताई, गुडघ्यातली कूर्चाच की." मला मात्र आई आठवली. आपल्या घरात ते काम ती करायची. ती गेल्यापासून तू आणि मी कसे वाजतो, ते फोनवर दोन्ही घरांना ऐकू जातंच.

मिस्त्रीचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. सगळे त्याला 'होऊन जाईल' म्हणतात, कारण कशालाही त्याचं तेच उत्तर असतं. किती वेळ लागेल? होऊन जाईल. आज होईल का? होऊन जाईल. अरे, त्या शिंप्याच्या गाडीचं इंजिन तू उतरवून ठेवलंस ते अजून तुझ्या दारात पडलं आहे, त्याचं काय? तेही होऊन जाईल. आधी मला वाटलं, माणूस आशावादी आहे. नंतर ध्यानात आलं, की हे तो गाडीबद्दल बोलतच नाही, एकंदर सृष्टीबद्दल बोलतो. पण अंगणात येऊन काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि दगडापेक्षा वीट मऊ.

उजव्या बाजूचे बोल्ट पहिल्याच सकाळी निघाले. ते कारखान्यात बसवलेले होते, कुणा पगारी माणसानं, ज्याला आपल्या बाबांनी वाढवलेलं नव्हतं. मी खुशीत चहा केला आणि साखर सढळ हातानं घातली. मग तो डावीकडे, पुढच्या बोल्टखाली सरकला आणि बराच वेळ काही आवाज आला नाही. नंतर आवाज आला, पण बोल्टचा नाही, मिस्त्रीचा. पान्याला लांब नळा जोडून, त्याला लोंबकळून त्यानं नट काढला. नळ्याला बाक आला तो आलाच. आणि मग, धाकट्या, चमत्कार झाला. "फिरला मावशी, फिरला," खालून आरोळी आली. मी वाकून पाहिलं, तर खरंच बोल्टचं डोकं पान्याबरोबर चांगलं अर्धा फेरा फिरलं. त्यानं दम खायला पाना सोडला, आणि बोल्ट आपला गुपचूप मागे फिरून जागेवर. पुन्हा फिरवला, पुन्हा परत. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही, पण चहा गार झाला. फिरत होतं ते रबर. बोल्ट आतल्या नळीला गंजून असा चिकटला होता की दोघं मिळून रबराला पीळ देत, आणि सोडलं की रबर त्यांना मुकाट्यानं घरी आणून पोहोचवी. (हा प्रकार मी माणसात पाहिला आहे. माझा मुलगा. दिवसभर, आई तू म्हणतेस ते पटलं, अगदी पटलं. आणि संध्याकाळी फोन, की खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावायचे.)

त्याच दिवशी होऊन जाईल म्हणाला, मावशी, कापून टाकू. मी म्हटलं, नाही. यात माझं चुकलं असं लोक म्हणतात, पण लोक शिवणाच्या सिस्टरांच्या हाताखाली शिकलेले नाहीत. त्या सांगत, उसवायचं तर टाका न् टाका सोडवायचा. कात्री लावली की कापडही जातं आणि मुलीचं वळणही. एकदा मी चोरून कात्री लावली तर त्यांनी सबंध झगा मला पुन्हा शिवायला लावला, आणि तो पुढे वर्षभर घालायलाही लावला. तेव्हा जे घातलं आहे ते आल्या वाटेनं बाहेर निघालं पाहिजे, हे माझं ठाम मत. (हट्ट नव्हे. हट्टाला कारण नसतं. याला सिस्टर होत्या.)

मग उपचार सुरू झाले. होमिओपॅथांनी गंज सोडवायच्या तेलासाठी स्वतःचा ड्रॉपर आणून दिला: सकाळी चार थेंब, संध्याकाळी चार थेंब, मध्ये ठोकाठोकी नाही, आणि पथ्य म्हणून ट्रकला कुणी हात लावायचा नाही. सुरुवातीला गंज वाढल्यासारखा दिसेल, म्हणाले, घाबरायचं नाही, ती गुण येण्याची खूण. गंज वाढल्यासारखा दिसला. मी घाबरले नाही. गंज वाढलेलाच होता. नंतर व्हिनेगर झालं, रॉकेल झालं, शिंप्यानं मशीनचं तेल पाठवलं. बोल्टनं सगळं पिऊन घेतलं आणि ढिम्म हलला नाही. मग होऊन जाईल गॅसची ज्योत घेऊन आला. लोखंड तापलं की फुगतं आणि गंजाची पकड सुटते, असं शास्त्र आहे. पण शास्त्राला कुणी सांगितलं नव्हतं की आत रबर आहे. ते पेटलं. काळाकुट्ट धूर उठला आणि वारा नेमका होमिओपॅथांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींकडे निघाला. मी रोपांची झारी घेऊन ट्रकखाली शिरले, माझ्या वयात, पोटावर सरपटत, आणि एका हातानं पदर सांभाळत ती आग विझवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आम्ही शाळेत मराठीच्या तासाला पाठ केली होती (तास आठवड्यातून एकच असे, बाकी सगळा कारभार इंग्रजीत), पण अर्थ मला त्या दिवशी कळला. अर्धं रबर जळलं, पीळ होता तसाच. होमिओपॅथांनी ड्रॉपर परत मागितला.

त्यानंतर घण. होऊन जाईल खालून घण घालत होता आणि प्रत्येक घावाला ट्रक, मी आणि स्वयंपाकघरातल्या कपबश्या एकत्र हलत होतो. बोल्टचं टोक छत्रीसारखं पसरलं. शनिवारमागून शनिवार गेले. बाजारात न गेलेली रोपं कुंड्यांमध्ये वाढत राहिली. एका पेरूला तर कुंडीतच फूल आलं. आणि या सगळ्या दिवसांत, धाकट्या, मी अंगणात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात, हा बोल्ट बसवणाऱ्या अज्ञात माणसाचा उद्धार करत होते. आडदांड म्हटलं. रेडा म्हटलं. मी असंही म्हटलं, आणि एकदा नाही, अनेकदा, की याच्या आईबापांनी याला काही शिकवलेलंच दिसत नाही.

आता सात तारीख. मुलगा काम पाहायला आला होता. होमिओपॅथ कुंपणापाशी उभे होते, सहानुभूतीनं नव्हे, चादरींच्या रक्षणासाठी. शिंपी आपल्या गाडीची चौकशी करायला आला होता. पाना बोल्टच्या डोक्यावरून सारखा घसरत होता, म्हणून होऊन जाईलनं रॉकेलच्या फडक्यानं ते डोकं घासून पुसलं. मग तो एकदम थांबला. म्हणाला, "मावशी, इकडे या. इथे काहीतरी पिवळं आहे." मी वाकले. वर्षांच्या चिखलाखाली, गंजाखाली, बरोबर मधोमध, हरभऱ्याएवढा, एक पिवळा ठिपका होता. होऊन जाईल बाहेर सरकत म्हणाला, "हा कुठल्या गॅरेजचा नाही मावशी. गॅरेजवाला पगारापुरतं आवळतो. हा घरच्या माणसानं, शपथ घेऊन बसवलाय. ग्रीसचं बोटसुद्धा लावलेलं नाही. कोण होता हा?" चौघं माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, माझा भाऊ. मुलगा हळूच म्हणाला, "मामा?" आणि खिशातून पडद्यांच्या कापडाचे नमुने काढून माझ्या हातात ठेवले. तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

पिवळा ठिपका ओळखलास ना? न ओळखून सांगतोस कुणाला. बाबांनी कुठलाही नट आवळला की ते क्षणभर थांबत, तळहातावर थुंकत आणि म्हणत, "आता एक फेरा माझ्या नावाचा." तो फेरा झाला की पिवळ्या रंगाचा ठिपका. ठिपका म्हणजे काम संपलं, आता याला कुणी हात लावायचा नाही. आणि हात लावून उपयोगही नसे. आपल्या घरातले नळ आठव. पाहुण्यांना हात धुवायला आपण शेजारी पाठवत होतो. आई साखरेचा डबा उघडून घ्यायला समोरच्या पैलवानाकडे न्यायची आणि तो तिला दर वेळी विचारायचा, काकू, घरात भांडणं आहेत का? माझ्या लग्नात बाबांनी माझ्या ट्रंकेचं कुलूप स्वतः बसवलं, आणि मी सासरी पहिले काही दिवस नणंदेच्या साड्या नेसून काढले. मी समजत होते की हा वारसा बाबांबरोबर गेला. बाबांच्या मागे, ट्रक इथे लावून जाताना, डावा बोल्ट तूच नवा बसवलास हे मी साफ विसरले होते; ठिपका पाहिला आणि आठवलं. मी मुलगी, मला शिवणकाम. तू मुलगा, तुला पाना. तो फेरा तू घेतलास, आणि रंगाची डबीसुद्धा. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. बाबांचा तरी नाइलाज होता, त्यांना कुणी अडवलं नाही. तुला मी अडवत होते. तू ऐकलं नाहीस.

त्या संध्याकाळी मी कापायला परवानगी दिली. सिस्टरांची मनोमन क्षमा मागितली आणि आत जाऊन कानांवर उशी धरून बसले. बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत विजेच्या करवतीचं पातं घालून त्यानं आधी एका बाजूनं कापलं, मग दुसऱ्या बाजूनं. मधला तुकडा नळीसकट पिकल्या फळासारखा खाली पडला. इतके आठवडे माझा जीव टांगणीला, आणि कापायला लागला तेवढ्या वेळात भातसुद्धा शिजला नसता. याहून निराश करणारी गोष्ट मी पाहिलेली नाही. होऊन जाईल म्हणाला, "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मावशी." मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

नवे बुश साबणाचं पाणी लावून, शिकंज्यात दाबून बसवले. नव्या बोल्टला ग्रीस मी स्वतः लावलं, पहिल्या वाढदिवसाला बाळाला तेल लावावं तसं, इंच न् इंच. बुशाच्या खोक्यात एक सूचनांचा कागद होता. तो अर्थात मीच वाचला. होऊन जाईल त्यावर पाना ठेवत होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की ट्रक जॅकवर अधांतरी असताना बोल्ट आवळू नये. चाकं जमिनीवर टेकवावी, ओझं ट्रकचं ट्रकला पेलू द्यावं आणि मग आवळावं, नाहीतर रबर जन्मभर पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं. (हे वाक्य मी दोनदा वाचलं. मुलं वाढवण्याच्या पुस्तकात हे का नसतं?) त्यानं अर्थातच अधांतरी आवळायला घेतलं होतं. मी त्याच्याकडे ग्रंथालयात पाहत असे तसं पाहिलं. त्यानं नट सैल केला. मग चाकं टेकली आणि त्यानं कुठूनतरी मागून आणलेला एक खास पाना काढला. या पान्याला किती जोर हवा ते आधी सांगून ठेवता येतं, आणि तेवढा जोर झाला की तो टक्क असा आवाज करतो. टक्क झालं की थांबायचं. बस्स, इतकंच. पुरे म्हणणारं हत्यार. ते आपल्या घरात असतं तर आईच्या हाताला साखर तरी वेळेवर लागली असती.

काल ट्रक गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. सरळ गेला. ठक्क नाही, ओढ नाही. पण मला आनंद झाला असं समजू नकोस. माझे शनिवार गेले, शेजार गेला, कंबर गेली, बाजारातली माझी जागा एका मडकीवाल्यानं घेतली, आणि आता रस्त्यानं जाताना शिंपी मला विचारतो, भाऊ काय करतात हल्ली. मुलगा तीस तारखेला येऊन माझ्या शेजारी बसणार आहे आणि बाजारापर्यंत जाऊन यायचं आहे. तो दांड्याला हात न लावता बसला की मी जिंकले.

तेव्हा माझी मागणी अशी. एक, तो फेरा तूच दिलास हे तू लेखी कबूल करावंस. दोन, यापुढे या ट्रकच्या कुठल्याही बोल्टला, नटाला, झाकणाला, इतकंच काय काचेच्या हँडललाही तू हात लावणार नाहीस, असं लेखी वचन द्यावंस. उत्तर पंचवीस तारखेच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. भावजयीकडून निरोप चालणार नाही. पंचवीसनंतर आलेलं उत्तर मी न फोडता परत पाठवीन.

तुझी,
ताई

ता. क. जाण्याच्या दिवशी मधाची बरणी तू बंद करून गेलास. ती अजून फळीवर आहे. मुलानं, होऊन जाईलनं, आणि संबंध चांगले होते तेव्हा होमिओपॅथांनीही प्रयत्न केला. मध आता साखर झाला आहे. हेही कबुलीजबाबात घ्यावं.

ता. क. दुसरा. वरचं सगळं दुपारी लिहिलं. पाकीट चिकटवायला डिंक सापडेना म्हणून अंगणातल्या फडताळाकडे गेले. मिस्त्री घरी गेला होता. त्याचा टक्कवाला पाना ज्याचा त्याला परत गेला होता, पण साधा मोठा पाना आणि तो बाक आलेला नळा ट्रकपाशी पडलेले होते. मी नुसतं पाहायला वाकले. बोल्ट छान बसला होता. पण टक्क म्हणजे शेवटी काय, एका यंत्राचं मत. त्या यंत्राला काय माहीत माझ्या मुलाचं वजन, बाजाराचा रस्ता, आणि तीस तारीख. मी पाना लावला, तो फक्त खात्री करायला. नळा लावला, तो पाना छोटा वाटला म्हणून. मग, कसं सांगू, ट्रकखाली तो जुना तेलाचा वास होता, बाबांच्या सदऱ्याला यायचा तसा, आणि त्यांच्या नावाचं इतक्या वर्षांत मी काहीच केलेलं नाही असं मनात आलं. एकच फेरा. तोही पुरता झाला नाही. आवाज आला, पण तो टक्क असा नव्हता.

बोल्टचं डोकं माझ्या पायाशी पडलं आहे. त्यावर पिवळा ठिपका आहे. (डबी तू फडताळातच विसरून गेला होतास. तळाला थोडा रंग होता. तो मी सकाळीच लावून ठेवला होता, रीत म्हणून.)

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. अशा पोलादाचा बोल्ट इथे मिळत नाही, मागवला तर महिना उलटून येईल. हा तुटलेलाही मिस्त्रीनं तुमच्याच गावच्या बाजारातून आणवला होता. नमुना म्हणून डोकं या पाकिटात घातलं आहे. बोल्टची लांबी तुझ्या तळहाताएवढी धर, तुझा हात मला आठवतो. दोन आण. आणि पोस्टानं पाठवू नकोस, तू स्वतः ये, कारण उरलेला दांडा आत आहे, होऊन जाईलला तोंड दाखवायची मला सोय उरलेली नाही, आणि तीस तारखेला त्या दांड्यावरून माझी खोली ठरायची आहे. मुलाला कळता कामा नये. विचारलंच तर मामा सहज बहिणीला भेटायला आला असं सांगू. तो विश्वास ठेवणार नाही, पण विचारणारही नाही. येताना बाबांसारखी थुंकी वगैरे नको, कारण ग्रीस मी लावणार आहे, आणि तू नुसता समोर बसून टक्क म्हणायचं आहेस, मोठ्यानं, आणि मी ऐकलं नाही तर माझा हात धरायचा आहेस.

कबुलीजबाब आणि वचन, दोन्ही तूर्त राहू दे. मागे घेतलेलं नाही, पुढे ढकललं आहे. पण उत्तर पंचवीसच्या आत हवं आणि लेखीच हवं. कुठल्या गाडीनं येतोस तेवढंच लिही. फोन करू नकोस. फोनवर तू हसशील, आणि ते मला ऐकू येईल.